प्रस्थान मागं फिरत नाही

मुंबई मी तोवर एकदाही डोळ्यांनी पाहिली नव्हती, पण मुंबई दाखवावी तर मीच! हसू नका, गड्यांनो. मुंबईत राहणाऱ्या माणसाला काय ठाऊक असतं? आपली चाळ, आपली गिरणी आणि आपली खानावळ. मला सगळी मुंबई पाठ होती. सुटीवर नागावात आलेल्या प्रत्येक गिरणीवाल्याला मी पारावर धरून बसवायचो आणि पिळून काढायचो. राणीच्या बागेतला हत्ती कुठल्या पायानं आधी उठतो इथपर्यंत मला माहीत! त्यामुळं भागूदादाचं आफ्रिकेला जायचं ठरलं, तेव्हा सगळ्या घराचे डोळे माझ्याकडे वळले. निदान मी तरी तसेच वळवून घेतले.

भागूदादा म्हणजे भागोजी, माझा चुलतभाऊ. सुतारकामात हात असा, की लाकूड त्याला घाबरून आपणहून सरळ व्हायचं. त्याला मोंबासाच्या एका लाकडाच्या वखारीत नोकरी लागली होती. आगबोट शुक्रवारची. मुंबईच्या बॅलार्ड पियरवरून. संध्याकाळी पाचाच्या ठोक्याला शिडी उचलणार. ती चुकली तर वखारवाला दुसरा सुतार बघणार. आणि दुसरा सुतार आला की काळूराममामा दुसरा जावई बघणार! ह्या काळूरामाची मुलगी मैना. भागूदादा तिच्यासाठी इतका वेडा, की तिच्या घरासमोरच्या विहिरीचा रहाट त्यानं बिघडलेला नसताना कितीदा तरी दुरुस्त केला होता. काळूरामानं साफ सांगितलं होतं, "पोरगा आगबोटीत चढला असं कळलं, की साखर वाटतो. न्हाय चढला, तर चौलचं स्थळ तयार बसलंय."

म्हणजे बघा, शिडीच्या एका टोकाला मैना आणि दुसऱ्या टोकाला चौल!

पण खरी गंमत पुढंच आहे. भटजींनी पंचांग उघडलं आणि नाक वाकडं केलं. शुक्रवार वाईट. समुद्रप्रवासाला मंगळवारचीच वेळ चांगली. आता आगबोटीच्या कप्तानाला कोण सांगणार? पण आपल्याकडं तोड असते. मुहूर्ताला माणूस निघू शकत नसला, तर त्याचं गाठोडं निघतं. पिवळ्या फडक्यात नारळ, तांदूळ, हळकुंड आणि त्याचा अंगातला एक कपडा बांधायचा आणि मुहूर्तावर गावाच्या वेशीपलीकडच्या कुणाच्या तरी घरी नेऊन ठेवायचं. हे प्रस्थान. गाठोडं निघालं म्हणजे माणूस निघाला. मग त्यानं सवडीनं जाऊन ते उचलायचं आणि पुढं चालू लागायचं. आम्ही मंगळवारी वाजतगाजत ते ओढ्यापलीकडं चांगदेवाच्या पडवीत ठेवून आलो. भागूदादाचं तिकीट आणि सरकारी कागदसुद्धा आत्यानं त्यातच बांधले. म्हणाली, "परस्थानाला चोर हात लावत न्हाय."

ही आत्या म्हणजे वेणूबाई. आमच्या बापाची थोरली बहीण. भागूदादाला आई नव्हती, तिनंच वाढवला. ती बोटीपर्यंत पोचवायला येणार होती, आणि मुंबई बघायलाही. पण निघण्याआधी तिनं एकच अट घातली.

"परस्थान एकदा निघालं, की आल्या वाटेनं मागं आणायचं न्हाय. वळसा चालंल. माघार चालायची न्हाय."

"एक पाऊल आलं तर?" मी विचारलं.

"एक पाऊल तुझ्या मामांनी घेतलं होतं," ती म्हणाली.

मामा म्हणजे तिचा नवरा, गलबतावर तांडेल, खलाशांचा म्होरक्या. निघाल्यावर तंबाखूची चंची राहिली म्हणून तो दारातून परत आला होता. ते गलबत पुन्हा बंदराला लागलं नाही. तेव्हापासून आत्या साधं पाण्याला निघाली आणि दोरी विसरली, तरी घराला वळसा घालून मागच्या दारानं आत यायची.

पण मी कशाला डगमगतोय! मी अंगणात काटकीनं मुंबई काढली. "हे बघ आत्ये. हा भाऊचा धक्का, इथं उतरायचं. वर राणीची बाग. तिथनं चौपाटी. मग खाली म्युझियम, पालवा बंदर, आणि हा बॅलार्ड पियर. गोल! कुठं माघार हाय?"

आत्या कमरेवर हात ठेवून बघत राहिली. "उलटी हाय."

"काय उलटी?"

"परदक्षिणा. देव उजव्या हाताला यायला होवा. तुझी मुंबई डाव्या हाताला ऱ्हातेय."

झालं! सगळी मुंबई उलटी फिरवली. आता धक्क्यावर उतरून आधी दक्षिणेला पालवा बंदर, मग चौपाटी, मग राणीची बाग, मग परत धक्का आणि शेवटी बॅलार्ड पियर. भागूदादा म्हणाला, "नाम्या, पण बॅलार्ड पियर त्या धक्क्याच्या बाजूलाच हाय ना? सकाळी उतरलो की तिथंच बसू. मुंबई मी परत येताना बघंन."

"आफ्रिकेत लोकांनी विचारलं, मुंबई कशी हाय, तर काय सांगशील?" मी म्हटलं. "बाकडं बरं होतं म्हणून?"

माझ्यापुढं बोलणारा अजून जन्माला यायचा होता.

शुक्रवारी सकाळी आम्ही भाऊच्या धक्क्याला लागलो. आत्याच्या पोटाशी पिवळं गाठोडं, भागूदादाच्या डोक्यावर ट्रंक, आणि माझ्या डोक्यात मुंबई. पहिल्या अर्ध्या तासात सगळं इतकं झकास चाललं, की मला माझंच कौतुक वाटायला लागलं. चालत चालत बॅलार्ड पियरवरून गेलो, तर आगबोट समोरच उभी! काय ती आगबोट! आमच्या अख्ख्या गावाला त्यात चढवलं असतं, तरी वर भांडायला जागा उरली असती.

"नाम्या," भागूदादा हळूच म्हणाला, "ही ट्रंक तरी इथं ठेवू का?"

"सामान परस्थानाच्या मागनं चालतं," आत्या म्हणाली. "पुढं न्हाय आणि येगळंबी न्हाय."

"आणि संध्याकाळी इथंच तर यायचंय!" मी म्हटलं. "मी हाय ना!"

भागूदादानं आगबोटीकडं अशी नजर टाकली, जणू मैनाच पाठमोरी जातेय. मग ट्रंक सावरली आणि निघाला.

पालवा बंदर बघून झालं. आत्यानं दगडी कमानीला खालनं वर बघितलं आणि म्हणाली, "घर बांधायचं राहिलं वाटतं." मग मी म्हटलं, आता चौपाटी. ट्रामनं! ट्राम समोरच आली. तिच्यावर काय लिहिलंय ते मी वाचलं नाही, कारण वाचून चढणारा माणूस खेडवळ दिसतो. रुबाबात चढलो. आत्या पहिल्या बाकावर बसली. भागूदादा ट्रंक मांडीवर घेऊन बसला, त्याचं तोंड ट्रंकेमागं गडप.

ट्राम छान चालली. मी दोन्ही बाजूंना हात करून माहिती देत होतो. दर्या दिसला तेव्हा ओरडलो, "ही चौपाटी!"

"माणसं कुठं हायत?" आत्या म्हणाली.

"सकाळची कोण येतंय?"

"आणि ती होडकी?"

"ती... शोभेची!"

एवढ्यात ट्राम थांबली. सगळे उतरले. आम्ही बसलेलेच. मग कंडक्टर आला आणि त्यानं एकेक बाक धरून खटाखट त्याची पाठ पलीकडं ढकलली. आमच्या बाकाशी आला तेव्हा म्हणाला, "उठा, कुलाबा आला. गाडी परत चालली." ट्रामला ना शेपूट ना तोंड! ड्रायव्हर आपला दांडा काढून दुसऱ्या टोकाला गेला आणि ट्राम ज्या वाटेनं आली होती त्याच वाटेनं निघाली!

"मागं चालली!" आत्या किंचाळली. "परस्थान मागं चाललं! थांबिव रे मुडद्या!"

ती गाठोड्यासकट खाली उडी टाकून मोकळी. मी तिच्या मागं. भागूदादा ट्रंकेसकट उतरला तो थेट बसलेल्या अवस्थेतच. ट्राम दूर निघून गेली. आत्या रस्त्यात उभी राहून रुळांकडं बोट दाखवत होती.

"चार हात मागं आलं, नाम्या. चार हात!"

"चार हात म्हणजे..."

"तुझे मामा उंबऱ्यापासनं चार हातच मागं आले होते!"

आता काय करायचं? पुढं कुलाब्याचं टोक, दोन्ही बाजूंना दर्या, आणि परतीचा रस्ता तो एकच. पण गड्यांनो, असल्या वेळी माझं डोकं गिरणीसारखं चालतं. रस्त्याच्या मधोमध एका गोऱ्या साहेबाचा पुतळा होता. खांद्यावर कावळा बसलेला, पण ऐटीत.

"आत्ये, देवळात आपण गाभाऱ्याला वळसा घालून परत दारात येतो. त्याला माघार म्हणतात का?"

"न्हाय."

"मग ह्या पुतळ्याला वळसा घालू. तोंड आपोआप मुंबईकडं होतंय! वळसा झाला, माघार न्हाय झाली."

आत्यानं विचार केला. तिचा चेहरा उजळला. मीही फुगलो. आम्ही निघालो. पुढं आत्या, मागं ट्रंक, मागं मी. अर्धा वळसा झाला, तोंड मुंबईकडं झालं. मी म्हटलं, "चला!"

"अर्धी परदक्षिणा?" आत्या म्हणाली. "अर्धी कुणी घालतं का? पुरी घाल."

पुरी घातली. पुरी घातल्यावर तोंड कुठं? परत दर्याकडं!

"अजून अर्धी," मी म्हटलं.

"दीड? दीड परदक्षिणा घातलेली बघितलीस कुठं?"

पुन्हा पुरी. पुन्हा दर्या! आम्ही घाण्याच्या बैलासारखे फिरतोय आणि साहेब दगडी डोळ्यांनी बघतोय. भागूदादाची ट्रंक डोक्यावर घसरत चालली होती. तो म्हणत होता, "आत्ये, मैना! आत्ये, मैना!" आणि जाणाऱ्या-येणाऱ्यांना वाटत होतं हा काही तरी मंत्र आहे. एक फुलवाली आमच्या मागनं चालायला लागली. का, ते तिलाच ठाऊक. तिच्या मागं एक म्हातारा. त्याच्या मागं कुठल्याशा हापिसातले दोघे शिपाई. त्या वर्षी मुंबईत दिवस असे होते, की पाच माणसं एका मागं एक चालली की ती मिरवणूक व्हायची, आणि मिरवणूक झाली की सरकारला घाम फुटायचा.

एवढ्यात खादीची टोपी घातलेला एक चष्मेवाला विद्यार्थी धावत आला. त्यानं आत्या बघितली, पिवळं फडकं बघितलं, त्यातनं डोकावणारा नारळ बघितला, वर साहेब बघितला, आणि त्याचे डोळे भरून आले.

"काय कल्पना आहे, बाई! साहेबाला नारळ! निरोप! चालता हो!" आणि त्यानं मूठ वर केली, "बोला, भारतमाता की जय!"

"जय!" सगळे ओरडले. मीही ओरडलो. जयजयकार झाला की माझं तोंड आपोआप उघडतं, त्याला माझा इलाज नाही.

पुढच्या फेरीला सगळा चौक आमच्या मागं! आत्या म्हणाली, "नाम्या, मुंबईची माणसं किती भाविक रे!"

आणि पोलिसांची लॉरी आली.

गोरा सार्जंट खाली उतरला. त्याच्याबरोबर एक मराठी हवालदार, मिशा अशा की त्यांवर धुणं वाळत घालावं. हवालदार आत्यासमोर उभा राहिला.

"बाई, गाठोड्यात काय?"

"परस्थान."

"सोडा."

"सोडत न्हाय. सोडलं तर मोडतं."

हवालदारानं सार्जंटला काही तरी सांगितलं. सार्जंट दोन पावलं मागं सरकला. फडक्यात काही तरी गोल आहे, जड आहे, आणि बाई म्हणते सोडलं तर वाईट होतं! त्याचा रंग फडक्यासारखाच झाला.

मी पुढं झालो. म्हटलं आपण बोलावं, म्हणजे सगळं मिटेल. "हवालदारसाहेब, आम्ही ह्या साहेबाला आमच्या कामासाठी फक्त वळसा घालत होतो!"

"कसलं काम?"

"दिशा बदलायची होती!"

हवालदारानं मिशांवरून हात फिरवला. मग म्हणाला, "ह्याला आधी चढवा."

तर अशी आम्हांला सरकारी लॉरी मिळाली! गाठोड्यातनं डोकावणारा नारळ हवालदारानं ओळखला, म्हणून ते आत्याकडंच राहिलं. तुरुंग सत्याग्रहींनी भरलेले होते, म्हणून त्या दिवसांत पकडलेल्यांना लॉरीत घालायचं, लांब गावाबाहेर सोडायचं आणि म्हणायचं, या आता चालत! हे मला विद्यार्थ्यानं सांगितलं. भागूदादा रडकुंडीला आला, "आगबोट, नाम्या, आगबोट!" पण आत्या खूश होती. एका हातानं गाठोडं, एका हातानं लॉरीचा दांडा धरून म्हणाली, "ही गाडी बरी. ट्रामीसारखी मागं न्हाय चालत."

आणि एक सांगू? मी म्हटलं, चाललोच आहोत तर मुंबई दाखवून घेऊ. लॉरीच्या फळीच्या फटीतनं मी दाखवायला लागलो.

"आत्ये, तो बघ राजवाडा!"

"तो तुरुंग आहे," विद्यार्थी म्हणाला.

"आणि हे म्युझियम!"

"कापसाची वखार."

"हा वास येतोय ना, आत्ये, ही राणीची बाग! जनावरांचा वास!"

"कातड्याचा कारखाना," विद्यार्थी म्हणाला. "भाऊ, तुम्ही मुंबईत कितव्यांदा?"

मी ऐकू आलं नाही असं दाखवलं.

चौकाचौकात थांबून माणसं भरत भरत लॉरी दुपार उलटल्यावर थांबली ती शीवच्या पुढं, मिठागरांच्या मधोमध. खाली उतरवलं. हवालदार म्हणाला, "जा आता घरी." आणि लॉरी वळून निघून गेली. विद्यार्थी, फुलवाली, म्हातारा, सगळे गाणी म्हणत मुंबईकडं चालू लागले. विद्यार्थ्यानं जाताना मनगटावरचं घड्याळ बघितलं. तीन वाजून गेले होते.

"चला!" भागूदादानं ट्रंक उचलली. "धावत गेलो तर..."

आत्या हलली नाही.

"आत्ये?"

तिनं रस्त्याच्या एका टोकाकडं बघितलं, मग दुसऱ्या. पुढं ठाणं. मागं आगबोट. दोन्ही अंगांना पाणी भरलेली मिठागरं, आणि रस्ता तो एकच, ज्यावरनं आलो. वळसा घालायला एक पुतळासुद्धा नाही!

"आत्ये, मला न्हाय भ्या वाटत," भागूदादा म्हणाला. "चल. माघारी चल."

"मला वाटतंय," आत्या म्हणाली, आणि बांधावर बसली. गाठोडं मांडीवर. "तू न्हाय गेलास तर एक मैना जाईल. तू माघारी फिरून गेलास तर..." तिनं तोंड पदरात घातलं.

भागूदादा ट्रंकेवर बसला. तिघं तीन दिशांना बघत होतो.

बांधापलीकडं एक बाई लाकडी फावड्यानं मीठ ओढत होती. ती बराच वेळ आमच्याकडं बघत होती. शेवटी फावडं टेकून आली. नाव कृष्णाबाई, पेणकडची, मिठागरावरच झोपडी घालून राहिलेली.

"काय झालं गं बाय? मेलंय कोन?"

आत्यानं सांगितलं. हुंदके देत, पण मंगळवारपासून सगळं. मीही मधे मधे भर घालत होतो. कृष्णाबाईनं ऐकलं. तिला काही नवल वाटलं नाही. आपल्याकडच्या माणसाला कशाला वाटेल!

"मंग माझ्या घरात ठेव की," ती म्हणाली.

"काय?"

"परस्थान. माझ्या घरात ठेव. पोराला माझ्या घरी भाकर खाऊ दे. म्हंजे हे त्याचं घर झालं. आनि इथनं निघाला, की जाईल ती वाट पुढचीच. घरातनं निघणारा मानूस मागं कसा जाईल?"

आत्यानं डोळे पुसले. मान वर केली. तिच्या तोंडावर असा उजेड आला, की मिठागरं फिकी पडली.

मला रागच आला हो! ही युक्ती मला सुचायला हवी होती!

मग काय धावपळ! गाठोडं झोपडीत, देवाच्या फळीखाली. भागूदादा पाटावर. कृष्णाबाईनं भाकरीचा तुकडा आणि सुकी मासळी वाढली, त्यानं ती एका घासात गिळली. हातावर घालायला दही नव्हतं, तर ताकाचं बोट लावलं. आत्या म्हणाली, "नीट बस, घर हाय तुझं, पाव्हण्यासारखा काय बसतोस?" तो म्हणाला, "आत्ये, आगबोट!" ती म्हणाली, "घरातनं निघताना असं वसावसा करत न्हायत!" कृष्णाबाई दारात उभी राहून म्हणाली, "जाऊन ये रे बाबा, घराला विसरू नको." आणि खरंच पदर डोळ्यांना लावला. मी सांगतो, मोंबासाहून आलेली त्याची पहिली मनीऑर्डर कृष्णाबाईच्या नावानं... ते जाऊ द्या, तो विषय वेगळा.

बंदरावर मीठ नेणारी एक मालमोटार उभीच होती. कृष्णाबाईनं ड्रायव्हरला अशा शब्दांत हुकूम सोडला, की तो आधी निघाला आणि मग आम्हांला घेतलं. पोत्यांवर आम्ही तिघं, पोतं फाटकं, वारा समोरनं. दादरपर्यंत आम्ही माणसं होतो. परळला पापड झालो. बंदरात पोचलो तेव्हा तिघांना टांगलं असतं, तर सुक्या बोंबलांच्या भावात खपलो असतो.

बॅलार्ड पियर! शिडीच्या तोंडाशी एक शिपाई, वर साखळी ओढायला खलाशी तयार.

"थांबा!" मी ओरडलो.

"तिकीट?"

तिकीट गाठोड्यात! गाठोड्याची गाठ मंगळवारची, वर घामाचं, मिठाचं पुट. सुटेना. आत्या दातांनी ओढतेय, भागूदादा नखांनी, मी नुसता "लवकर! लवकर!" म्हणून मदत करतोय. शिपाई म्हणाला, "बाई, ह्यात काय आहे?" आत्या तोंडातली गाठ न सोडता काही तरी म्हणाली. शेवटी भागूदादानं ट्रंकेतली पटाशी काढली, सुतारच तो, आणि फडक्याच्या कोपऱ्याला असा नाजूक छेद दिला, की गाठ शाबूत आणि तिकीट बाहेर!

"पळ!" आत्या म्हणाली.

तो वाकला, तिच्या पायांवर डोकं ठेवलं, तिच्या पायांना कपाळाचं मीठ लागलं. गाठोडं बगलेत, ट्रंक डोक्यावर, आणि गेला! शेवटच्या पायरीवर पाय पडला आणि मागं शिडी उचलली. काळूरामा, वाट साखर!

मी उड्या मारल्या. एका अनोळखी पारशाला मिठी मारली. त्याचा काळा कोट पांढरा झाला. आत्या कठड्याला धरून उभी होती, डोळे वर. भागूदादा वरच्या कठड्याशी आला, गाठोडं दोन्ही हातांनी उंच धरून हलवायला लागला.

भोंगा झाला. दोर सुटले. आगबोट हलली.

मागं!

हो, मागं! तिचं तोंड आत धक्क्याकडं होतं, बाहेर पडायचं तर मागंच यायला हवं. दोन छोट्या बोटींनी तिच्या शेपटाला दोर बांधले आणि एवढी मोठी आगबोट, भागूदादासकट, ट्रंकेसकट, प्रस्थानासकट, आली होती त्याच वाटेनं सरसर मागं ओढत नेली!

आत्यानं माझं मनगट धरलं. एवढं घट्ट, की बोटं पांढरी पडली, निदान मीठ नसतं तर पडली असती. मी डोळे मिटले. आता ती किंचाळणार. आता ती पाण्यात उडी घेणार. चार हात कुठले, चारशे हात मागं चालली होती आगबोट! आणि समुद्रात मी पुतळा कुठनं आणू?

काहीच आवाज आला नाही. मी एक डोळा उघडला.

आत्या एकटक बघत होती. आगबोटीकडं, वर हात हलवणाऱ्या त्या ठिपक्याकडं. ओठ हलत होते. मग ते थांबले. तिनं एकदा खाली पायाखालच्या धक्क्याकडं बघितलं, एकदा आगबोटीकडं.

"आगबोट हाय तिथंच हाय," ती म्हणाली.

"काय?"

"आगबोट हाय तिथंच उभी हाय. हा धक्का मागं चाललाय." आणि तिनं पदर वर करून जोरजोरात हलवला. "जा रे बाळा! नीट जा!"

"आत्ये," मी म्हटलं. "आत्ये, मग सकाळी ट्राम मागं चालली, तेव्हासुद्धा कुलाबाच मागं चाललाय असं म्हटलं असतं तर? आपण चौपाटी बघितली असती! राणीची बाग बघितली असती! मी त्या साहेबाभोवती चक्कर येईस्तोवर फिरलोय! मला लॉरीत घातलं! आत्ये, सकाळी का न्हाय सुचलं हे?"

आत्यानं डोळे पुसले. माझ्याकडं असं बघितलं, जणू म्हणतेय, हे पोर कधी शहाणं होणार.

"सकाळी येळ होता," ती म्हणाली.

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं. जीभ फिरवली ओठांवरनं, तर नुसतं मीठ!